सातवा प्रश्न : अंगाला हात कोण लावणार?

पहिल्या दिवशी मला कॉफी पितळी डवरा-टंबलरमध्ये मिळाली. दुसऱ्या खेपेला कागदी कपात. मधे एवढंच घडलं होतं, की मी कोण ते सांगितलं होतं.

गाव कुंभकोणम्. तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातलं, कावेरीकाठचं देवळांचं गाव. फिल्टर कॉफी आणि पितळेच्या समया यांसाठी नावाजलेलं. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून मी मराठवाड्यातून तिथं गेले आणि एका छोट्या संस्थेच्या पथकात नर्स म्हणून लागले. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करायची, घरच्यांना शिकवायचं, हे आमचं काम.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं. त्या राज्याच्या आश्रयानं आलेली मराठी घराणी आजही या भागात आहेत. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. देवळाजवळच्या अशाच एका जुन्या घरात मला पाठवलं होतं. ऐंशी ओलांडलेले आजोबा, पक्षाघात, चार महिने अंथरुणात. घरातल्या बाईंना माझी मराठी ऐकून फार आनंद झाला. त्यांची मराठी तमिळ वळणाची, माझ्या कानाला अर्धी ओळखीची. गाव कुठलं, विचारलं. मग आडनाव. आडनावावरून त्यांना उलगडा होईना, म्हणून तिसरा प्रश्न आला: म्हणजे कोण? मी म्हणाले, बौद्ध. तरी कळेना. मी म्हणाले, आंबेडकरांचे. तेव्हा कळलं.

कपाची तक्रार करायला मी हे लिहीत नाही. तसला कप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. मी लिहिते आहे ते आजोबांच्या माकडहाडावरच्या जखमेबद्दल. तळहाताएवढी, आतून पोखरलेली, वास मारणारी. ती जखम धुणारा हात चालतो, पण त्याच हातात दिलेलं पितळ बाटतं. हा हिशेब नीट समजून घेतला, तर आपल्या देशात अंथरुणावरची माणसं कशी सडतात तेही समजेल.

आधी जखम समजून घेऊ. आपण तिला बेडसोर म्हणतो, पुस्तकात शय्याव्रण. माणूस एकाच अंगावर पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि मांस चेपलं जातं. बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही, मांस मरतं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू या तिच्या ठरलेल्या जागा. तुम्ही-आम्ही झोपेत आपसूक कूस बदलतो. ज्याला ती बदलता येत नाही त्याची कूस दुसऱ्या कुणीतरी बदलायची असते. मुळात उपाय एवढाच. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे नामांकित डॉक्टर शार्को यांचं मत होतं, की मेंदू आणि मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांत ही जखम मज्जातंतूंच्या बिघाडातूनच येते आणि ती मरणाची खूण असते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या सुमारास उलट मांडलं होतं: अशी जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत आम्हाला नाइटिंगेलबाईंचं हे म्हणणं शिकवतात. ते मूळात बरोबर आहे. बहुतेक जखमा टाळता येतात. पण भारतात या वाक्याचा अर्थ असा झाला, की जखम झाली तर नर्सला झापा, आयाला काढून टाका, सुनेला बोल लावा. शुश्रूषा कुणाच्या माथी मारली, तिला किती झोप मिळते, तिला पगार आहे का, हे विचारायचंच नाही.

ही जखम कुणाला होईल ते आधी ओळखण्यासाठी एक मोजपट्टी आहे. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींची, १९८७ ची. ब्रेडन स्केल. त्यात सहा गोष्टी पाहतात: दुखतं-खुपतं हे रुग्णाला जाणवतं का, कातडी ओली राहते का, तो उठतो-फिरतो का, स्वतःहून अंग हलवतो का, पोटात काय जातं, आणि ओढताना-सरकवताना कातडी घासते का. सहाची बेरीज ६ ते २३ च्या मध्ये येते. १८ किंवा त्याखाली आली की धोका. चांगली मोजपट्टी आहे. मी रोज वापरते.

पण दोन वर्षं घराघरांत हिंडल्यावर मी माझ्या वहीत सातवा प्रश्न लिहू लागले: या अंगाला हात कोण लावणार?

आजोबांचे गुण ११ होते. पण घरात खोल्या होत्या, माणसं होती, पैसा होता. वाऱ्यानं फुगणारी गादीही विकत आणली होती. आणि तरी जखम झाली, कारण पहिले दोन महिने त्यांच्या अंगाला हात लावायला कुणी नव्हतं. मुलगा म्हणाला, बाबांना असं उघडं बघवत नाही. घरातल्या बाईंचं सोवळं होतं. मलमूत्राला हात लावणं हे 'त्यांचं' काम नव्हतं. म्हणजे जातीनं या घरात आधी स्वतःच्या बापाचं मांस खाल्लं. विटाळ दुसऱ्याला मारतो हे आपण जन्मापासून शिकतो. तो घरच्यालाही मारतो, हे मी तिथं पाहिलं.

मग त्यांनी रात्रीची बाई ठेवली. नदीपलीकडच्या दलित वस्तीतली. मी तिला अक्का म्हणायचे. नाव इथं लिहीत नाही. रात्री ९ ते सकाळी ६. दर दोन तासांनी आजोबांना कुशीवर वळवायचं, पाठीमागे उशी लावून तीसेक अंश तिरपं ठेवायचं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या, ओलं झालं की पुसून कोरडं करायचं. मी तिला एकदा दाखवलं आणि तिनं ते पाठ केलं. आजोबांची जखम अक्काच्या रात्रींनी भरत आली. मी आठवड्यातून दोनदा जाऊन मेलेली कातडी काढत होते, पट्टी बदलत होते. शाबासकी मला मिळाली, तीही कागदी कपासोबत. अक्काला मागच्या दारानं जायचं-यायचं होतं.

एके दिवशी तिनं मला मागच्या अंगणात गाठलं. हळूच विचारलं, हे सगळं जमिनीवर चटई टाकून झोपणाऱ्या माणसाला कसं करायचं?

तिची सासू. तिलाही पक्षाघात. मी त्या दुपारी वस्तीत गेले. एक खोली, पत्रा, मातीची जमीन, चटई, त्यावर जुन्या साड्यांची घडी. म्हातारीच्या माकडहाडावर रुपयाएवढी नाही, वाटीएवढी जखम. दिवसा भातशेतीचा हंगाम असला की अक्का शेतावर, नसला की दोन तास झोप आणि घरकाम. रात्री ती आजोबांपाशी. आणि तिच्या सासूच्या रात्री कुणाच्याच नव्हत्या. एका म्हाताऱ्या देहाची कूस बदलली जात होती म्हणून दुसऱ्याची बदलली जात नव्हती. दोघांच्या मध्ये एक नदी आणि एकच बाई.

हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा नाही, असं म्हणणारे भेटतातच. शिकलेले जास्त भेटतात. त्यांना मी तंजावरचा इतिहास वाचायला सांगते. जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेनमणीत २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित शेतमजुरांना, त्यांत बहुतांश बाया आणि मुलं, एका झोपडीत कोंडून जाळलं गेलं. मागणी होती थोड्या जास्त भाताची, मजुरी म्हणून. आपण २५ डिसेंबर ओळखतो तो १९२७ च्या महाडच्या मनुस्मृतिदहनासाठी. तीच तारीख त्या खोऱ्याला या कारणासाठी आठवते. या मातीत जमीन कुणाची आणि राबायचं कुणी, हे जातीनं ठरवलेलं होतं. अक्काची मजुरी कमी का, तिच्या घराला पक्की जमीन का नाही, आणि दुसऱ्याच्या बापाचा मळ काढायला तिलाच का बोलावतात, या तिन्हींचं उत्तर एकच आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडून ठेवलं, की जात ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे. शुश्रूषेच्या कामात ती उतरंड उघडीनागडी दिसते. औषध लिहिणारा वर, पट्टी बांधणारी खाली, मळ पुसणारी सगळ्यांत खाली. आणि जखम टाळली जाते ती सगळ्यांत खालच्या कामानं.

आता एका शब्दाचा समाचार घेऊ. सेवा. तुमची सेवा फार मोठी, असं मला दर दुसऱ्या घरात ऐकवलं जायचं. सेवा म्हटलं की मजुरी विचारता येत नाही. पुण्य मिळतं ना, मग पैसे कशाला? आशा कार्यकर्तीला आपलं सरकार स्वयंसेविका म्हणतं आणि पगाराऐवजी मानधन देतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. टाळ्या खूप वाजल्या, पण आशा आजही पगारी कर्मचारी नाही. खासगी नर्सची गोष्टही फार वेगळी नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातसुद्धा नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत. तुमच्या तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या बहिणीला विचारा, तिच्या हातात किती पडतात. आणि अक्कासारख्या घरी ठेवलेल्या बाईचा तर त्या शिफारशीत विचारही नव्हता.

आजाऱ्याला हात लावण्याची आपली स्वतःची परंपरा आहे, आणि ती सेवेच्या गोडव्याची नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात पोहोचवलं. त्याच संसर्गानं १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या अंगाला शिवायचं नाही असं धर्म सांगत होता, तेच अंग त्यांनी पाठीवर घेतलं. त्यात पुण्याचा हिशेब नव्हता. तो जातीवर घातलेला घाव होता. आपली नर्सिंग तिथून सुरू होते, असं मी मानते.

आणि हे ज्ञानाचं काम आहे. कसं ते एका उदाहरणानं सांगते. पाठ्यपुस्तक म्हणतं, पहिल्या पायरीला कातडी लालसर दिसते आणि बोटानं दाबली तरी पांढरी पडत नाही. कुणाची कातडी? अक्काच्या सासूची कातडी काळी. तिच्यावर लाली दिसतच नाही. पुस्तक पाहून बसलात, तर जखम फुटेपर्यंत तुम्हाला ती कळणार नाही. काळ्या कातडीवर उजेडात पाहायचं, जागा जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा अधिक गडद झाली आहे का. आणि त्याहून महत्त्वाचं, हातानं तपासायचं: ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, कडक, मऊ पडलेली किंवा दुखरी लागते का. म्हणजे डोळ्यानं नाही, स्पर्शानं निदान करायचं. जो शिवणार नाही त्याला हे निदान जमणारच नाही. अस्पृश्यता पाळून शुश्रूषा होत नाही, ही माझी राजकीय घोषणा नाही. ते वैद्यकीय सत्य आहे.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर असाल. म्हणजे घरातला पहिला फॉर्म तुम्ही भरला, डॉक्टरांची चिठ्ठी तुम्ही वाचली, आणि उद्या आजी-आजोबा अंथरुणाला खिळले की सगळे तुमच्याकडे बघणार. माझी आजी अशीच गेली. मी नववीत होते. जखमेला वास येऊ लागला तसं तिला पडवीत हलवलं. राख लावली, हळद लावली, कुणीतरी स्पिरिट ओतलं. ती ओरडली ते मला आजही ऐकू येतं. आम्ही दुष्ट नव्हतो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून सांगते, हे शिका.

दिवसातून एकदा सगळं अंग उजेडात तपासा. दर दोन तासांनी कूस बदला. चांगली गादी असेल आणि कातडी टिकून असेल तर नर्सला विचारून अंतर वाढवता येतं. ओढू नका, चादरीत धरून उचला. उशाकडची बाजू फार उंच ठेवली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी फाटते. लाल किंवा गडद झालेल्या जागी चोळू नका. सायकलची ट्यूब किंवा रबरी रिंग खाली देऊ नका. तिच्या कडेनं रक्त आणखी अडतं. जखम धुवायला अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सपाट एक चमचा मीठ पुरतं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, राख, हळद, चहापूड यांतलं काही ओतू नका; भरत आलेलं नवं मांस त्यानं मरतं किंवा जखम घाण होते. वासासाठी मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर टाकतात, ते डॉक्टर किंवा नर्सला विचारून करा. काळी पडलेली कातडी घरी कापू नका. ताप आला, पू वाढला, भोवतीची जागा गरम होऊन सुजली, तर थांबू नका, दवाखान्यात न्या. आणि खायला द्या: अंडं, डाळ, दूध, शेंगदाणे, सुकट, जे परवडेल ते. प्रथिनांशिवाय मांस भरत नाही. अंड्याला नाक मुरडणाऱ्यांचं ऐकू नका.

पण एवढं सांगून मी थांबले, तर मीही फसवणूक केली. शिका आणि करा म्हटलं, की करणारी पुन्हा घरातली बाईच. अक्काला सगळं येत होतं. तिच्याकडे रात्र नव्हती.

म्हणून मागणी सरकारकडे हवी. केरळनं २००८ मध्ये वेदनाशामक शुश्रूषेचं धोरण केलं आणि पंचायतीच्या पातळीवर घरोघरी जाणारी प्रशिक्षित नर्स आणली. तमिळनाडूनं ऑगस्ट २०२१ मध्ये 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' सुरू केलं, म्हणजे लोकांना शोधत त्यांच्या दारी जाणारं वैद्यक. त्यात अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा आणि फिजिओथेरपी घरी येते. हे होऊ शकतं, याचा हा पुरावा. मग महाराष्ट्रात आपण ग्रामसभेत रस्ता मागतो, सभामंडप मागतो, तसं उपकेंद्रावर घरी येणारी नर्स का मागत नाही? मागायचं ते नीट मागू. पक्क्या पगाराची पदं, मानधनाची नकोत. आया आणि घरी ठेवलेल्या बायांना किमान वेतन आणि आठवड्याची सुट्टी. हातमोजे, मिठाचं पाणी, पट्ट्या, साधी फोमची गादी सरकारी खर्चानं. आणि घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या मजूर बाईला बुडालेल्या मजुरीचा मोबदला.

आणि एक मागणी आपल्याच पोरांकडे. शिकलेल्या मुलांनो, आईची, बहिणीची, बायकोची वाट बघू नका. बापाची लंगोट बदलताना तुमची पदवी बाटत नाही. आपल्या घरात बाईनं करायचं आणि पुरुषानं डॉक्टरशी बोलायचं असं चाललं, तर तीही उतरंडच आहे, फक्त छोटी.

अक्काच्या सासूचं पुढे काय झालं ते सांगते. वस्तीतल्या बचत गटाच्या पाच बायांना आम्ही दोन दुपारी शिकवलं. त्यांनी रात्री वाटून घेतल्या. फोमची गादी वर्गणीतून आली. साडेतीन महिन्यांनी वाटीएवढी जखम रुपयाएवढी झाली. संस्थेच्या बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. दिवसभर भातात वाकलेल्या पाच बायांनी आपली झोप देऊन सरकारचं काम फुकट केलं होतं. त्या बायांना माझा जय भीम. पण त्या टाळ्यांना नाही.

आजोबांची जखम त्याआधीच भरली होती. शेवटच्या दिवशी त्यांच्या घरी मला पुन्हा कॉफी विचारली. मी म्हणाले, अक्काला द्या, ती रात्रभर जागी आहे. पेला तुम्ही ठरवा.